बासरी आणि पियानो
(समाजाच्या वार्षिक संमेलनात धसई येथे केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना उपयुक्त होईल अशा विषयावर बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा आहे. आम्ही विषय निवडला आहे तो बासरी आणि पियानो यांच्या सहवादनाचा. यात विद्यार्थ्यांचा उपयोग कोणता, या शंकेचे निरसन ओघाने होईलच.

असे सहवादन ऐकण्याचा योग आम्हांस मुंबईस आला. ही वाद्ये म्हणजे दोन टोके होत. पियानो इटलीतील क्रिस्तोफोरी नामक कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास घडविला. आजच्या पियानोस ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबताच आतील हातोडी तारेवर आदळते आणि नाद उमटून हळूहळू विरतो. प्रत्येक पट्टीचा स्वर आधीच बांधलेला असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर निघत नाही. उलट बासरी म्हणजे वेळूचे पोकळ कांडे! परंतु बोट अर्धवट उचलले, ओठ किंचित वळविला, की स्वर हवा तसा चढतो-उतरतो. म्हणूनच सहवादनात मौल्यवान पियानो आपल्या जागी अढळ राहतो. स्वर जुळवून घेण्याचे कौशल्य दाखवावे लागते ते वेळूच्या कांड्याने.

आपल्या मुरबाड-शहापूरच्या माळावर गुराख्याच्या हाती असतो तो पावा याच कुळातला. या कुळास मैफिलीत मानाचे आसन मिळवून दिले ते पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी. सुमारे ३२ इंच लांबीची, गंभीर नादाची बासरी सिद्ध करून तीवर त्यांनी ख्यालाच्या अंगाने राग वाजविले. पुढे १९३८ साली अलाहाबादेस जन्मलेले हरिप्रसाद चौरसिया पाहा. वडील पहिलवान, मुलानेही आखाडा गाजवावा ही त्यांची इच्छा. मुलगा चोरून संगीत शिकला आणि २००० साली पद्मविभूषण झाला. कला ही कोणा एका घराण्याची वा ज्ञातीची मिरास नव्हे, हेच यावरून सिद्ध होते.

आपल्या घरांत मात्र मुलगा हायस्कुलात गेला की पावा आढ्यास खोचला जातो. "त्याने पोट भरणार आहे काय?" असे वडील विचारतात. भात विकून फी भरणाऱ्या बापाचा हा प्रश्न अनाठायी नाही. तथापि, धड्यास तोंड न उघडणारा मुलगा प्रार्थनेच्या वेळी सर्वांत पुढे उभा राहतो, हे आम्ही शाळेत कित्येकदा पाहिले आहे. अशा मुलास अभ्यासाची वाटही त्या स्वरातूनच सापडते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा 'प्रारंभिक'पासून सुरू होतात व त्यांत बासरीही आहे. आपला निधी केवळ शालेय गुणांसाठी पारितोषिके देतो. त्यांत संगीताची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलासाठी वा मुलीसाठी एकाची भर घालावी, अशी आमची सूचना आहे. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.