आधी हात, मग मन
(शताब्दी सोहळ्यातील भाषण, गारगोटी)



मला मनःशांतीवर बोला म्हणून सांगितलंय. शब्द फार मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलतो. आपलंच मन आपल्याला टाकून बोलतं, त्याचं काय करायचं?

बाहेरच्यानं बोललेलं चार दिवसांत विसरतं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आतून सुरू होतं. ‘तुझ्याच्यानं काय होणार? ऊस वेळेत तुटला नाही, तुझंच चुकलं. वेदगंगेचं पाणी भातात शिरलं, तिथंही तूच गाफील.’ आणि आपण त्याच्याशी वाद घालत बसतो. त्या वादात मन हरत नाही, माऊली. त्याला रात्रभर जागायला काय होतंय? पहाटे धारा काढायला आपल्याला उठायचं असतं.

तुकोबारायांनी आपली हकीकत स्वतःच अभंगात सांगून ठेवली आहे. १६३० च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको अन्नाविना गेली, व्यवसायात तूट आली. जिवाला लाज वाटू लागली, असं ते सांगतात. दुष्काळ काही त्यांनी पाडला नव्हता. तरी लाज त्यांनाच वाटली. आपल्याकडं तरी निराळं काय आहे? पाऊस चुकतो आणि मान शेतकऱ्याची खाली जाते.

पुढचा क्रम नीट बघा. इथं आम्ही बोलणारी मंडळी लगेच वैराग्याकडं वळतो. अभंगात मात्र आधी येतं देऊळ. विठोबाचं देऊळ भंगलं होतं, ते करावं असं त्यांच्या चित्तात आलं. म्हणजे माती, दगड, घाम. मग एकादशीचं कीर्तन. आणि तिथं ते सरळ सांगून टाकतात, की आरंभी अभ्यासात चित्त नव्हतं. चित्त नव्हतं, तरी कीर्तन सोडलं नाही! संतांची काही वचनं पाठ केली, पुढं गाणाऱ्यांचं धृपद मागं धरलं. मन ताळ्यावर आलं की काम करीन, असं म्हणून ते थांबले नाहीत.

आपल्या दिंडीची रीत हीच आहे. नवखा माणूस संकोचानं मागं राहतो, ‘मला येत न्हाई’ म्हणतो. जुना टाळकरी त्याला उपदेश करत नाही, हातात टाळ देतो. पाऊल चुकतं, ताल चुकतो, पण दोन्ही हात गुंतलेले आणि तोंडात नाम. मनाच्या बडबडीला जागाच उरत नाही. घरीसुद्धा काम एवढंच लहान धरावं. बांधावरचं गवत काढा, मोडकं दावं सांधा, शेजारच्या म्हातारीचं दळण आणून द्या. कर्ज त्यानं फिटत नाही, हे मलाही कळतं. पण ‘तुझ्याच्यानं काही होत नाही’ या बोलण्याला दळलेल्या पिठाचा डबा दाखवता येतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडालीय, जो जगण्यात अर्थ नाही म्हणतोय, त्याला नुसता टाळ देऊन भागवू नका. डॉक्टरकडं न्या, सोबत बसा. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे, फोनवर मराठीतही बोलता येतं. मधुमेहाची गोळी घेऊन आपण वारी चालतोच की. मग ह्याची लाज कशाला?

उद्या पहाटे काकडा आहे. समया घासायला आणि मंडप झाडायला माणसं कमी पडतात. झोप लागत नाही म्हणणाऱ्यांनी जरा लवकरच या.