हत्यार थोडे, पण खरे

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी शाळामास्तराने शिक्षणावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु आम्ही आज पाना, पक्कड आणि पेचकस यांवर बोलणार आहोत. आपला न्यास गेली २५ वर्षे मुलांना वह्या-पुस्तके आणि फी देत आला. आता दुरुस्तीचे काम शिकलेल्या होतकरू मुलांना हत्यारे द्यावीत, असा विचार पुढे आला आहे. विचार उत्तम आहे. मात्र याच कामी आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती आधी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने जामसांवलीच्या रस्त्यालगत दुचाकी दुरुस्तीचे लहानसे दुकान मांडले. मंगळवारी आणि शनिवारी येथील हनुमान मंदिरात दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागते. त्यांच्या गाड्यांवर आपले पोट भरेल, हा त्याचा हिशेब बरोबर होता. आम्ही चार मंडळींकडून वर्गणी गोळा केली आणि त्याला हत्यारांची मोठी पेटी घेऊन दिली. शंभराहून अधिक नग, वर चकचकीत मुलामा आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी! देताना आम्हालाच मोठी धन्यता वाटली.

दोन महिन्यांत पान्यांची तोंडे फाकली. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा नट पाना घसरून गोल झाला, मुलाच्या बोटांची सालटी निघाली, आणि नवा नट त्याला पदरचे पैसे घालून बसवून द्यावा लागला. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. मुलगा आम्हाला एवढेच म्हणाला, "सर, पेटीत शंभर नग आहेत, पण रोज हाती लागतात दहाच. ते दहा चांगले असते तर बरे झाले असते."

तेव्हापासून नागपूरला गेलो की आम्ही इतवारीतील लोहाओळीत घटकाभर थांबतो आणि जाणत्या मिस्त्रींना विचारतो. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, काम पाहून माप घ्यावे. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला सामान्यतः १३ चा पाना लागतो. पण जपानी धर्तीच्या मोटारसायकलींत त्याच जाडीच्या बोल्टचे डोके बहुधा १२ चे असते. म्हणून ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणाऱ्याची यादी निराळी, दुचाकीवाल्याची निराळी. इंची पाना मिलिमीटरच्या नटाला 'चालून जातो' असे कोणी म्हटले तर ऐकू नये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो पाना १२ च्या नटावर बसतो खरा, पण सैल. आणि तेवढ्या सैलपणानेच नटाचे कोपरे जातात. दुचाकीच्या दुकानाला आरंभी ८, १०, १२, १४ आणि १७ या मापांचे पाने, प्लग पाना, पक्कड, एक सपाट व एक फुलीच्या तोंडाचा पेचकस आणि हातोडी एवढे पुरते. बाकीचे मिळकतीतून हळूहळू घेता येते.

दुसरी गोष्ट, जेथे जोर पडतो तेथे पैसा घालावा. रिंग पाना, गोटी पाना आणि पेचकसाचे टोक यांत काटकसर करू नये. पेटी, पिशवी, मुलामा यांत खुशाल करावी. छिन्नी तर गावचा चांगला लोहारही करून देतो.

तिसरी गोष्ट, दुकानात पारख करावी. खिशात एक नवा बोल्ट न्यावा आणि पाना त्यावर बसवून पाहावा. सहज बसावा, पण डुलू नये. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. कापणाऱ्या धारांमधून उजेड दिसला तर ती परत ठेवावी. हातोडीच्या दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने सरळ गेलेले असावेत, आडवे नसावेत. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोणीही उमटवू शकतो, म्हणून केवळ त्यांवर भिस्त ठेवू नये. दुतोंडी फिक्स पान्याला भारतीय मानक २०२८, रिंग पान्याला २०२९ आणि पकडीला ३६५० आहे. हे आकडे विचारावेत आणि पावती घ्यावी. चांगले हत्यार परदेशीच असावे लागते असे नाही. जालंधर, लुधियाना आणि नागौर येथे हा धंदा मोठा आहे. टापरिया कंपनीने १९६९ मध्ये स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवण्यास आरंभ केला. तिचा कारखाना आपल्या नाशिकला आहे. मात्र नामांकित मालाची नक्कलही होते, हे विसरू नये.

चांगले हत्यारही नीट वापरले तरच टिकते. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. दांड्याला नळी लावून जोर करू नये. पेचकसाची छिन्नी करू नये. रात्री तेलाचा बोळा फिरवून हत्यारे जागच्या जागी ठेवावीत.

आता न्यासाच्या कर्तव्याविषयी. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तीत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली; पण तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूपवाला आहे, मोटारसायकलचा मिस्त्री नाही. ती उणीव आपल्यासारख्यांनी भरून काढावी. आमची नम्र सूचना अशी की, पेट्या वाटू नयेत. मुलाकडून त्याच्या कामाची यादी घ्यावी, खरेदीला एक अनुभवी मिस्त्री सोबत द्यावा, दहा खरी हत्यारे द्यावीत, आणि सहा महिन्यांनी त्याच्या दुकानात जाऊन पुढे काय हवे ते विचारावे. छायाचित्रात मोठी पेटी शोभून दिसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण ती शोभा देणाऱ्याची असते, आणि सोललेली बोटे घेणाऱ्याची.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढे एकेक पाना स्वतःच्या कमाईतून बदलला. त्याचे दुकान चालू आहे. आम्ही दिलेली पेटी त्याने टाकली नाही. तीत तो जुने नट-बोल्ट ठेवतो. आम्ही गेलो की तिच्यावरच आम्हाला बसायला सांगतो. आम्ही बसतो, आणि आमचा धडा आम्हाला पुन्हा आठवतो.