मोनोवायची शिरगणती



अमेरिकेच्या नकाशात जवळजवळ मधोमध नेब्रास्का हे राज्य आहे. त्याच्या उत्तर टोकाला, साउथ डकोटाच्या हद्दीला लागून, बॉइड काउंटी येते. दक्षिणेला नायोब्रारा नदी, ईशान्येला मिसूरी आणि मध्ये उंचसखल गवताळ माळरान. या माळावरून जाणाऱ्या बारा क्रमांकाच्या राज्यमार्गावर मोनोवाय नावाचे गाव लागते. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ भरली. एक बाई, वय सत्तरीच्या पुढे.

हे गाव असे का झाले, हे समजायचे तर आधी त्याची मांडणी पाहिली पाहिजे. आपल्याकडे घरे गावठाणात एकमेकांना खेटून असतात आणि शेती बाहेर शिवारात. तिथे नेमके उलटे आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर जमीन देऊ केली, पण अट अशी की त्याने त्याच जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहावे. त्यामुळे माळावर वस्ती झाली ती एकेकट्या घरांची, शेजारी हाकेच्या पलीकडे. गाव उभे राहिले ते रेल्वेमुळे. धान्याची गाडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला दिवे लागायच्या आत घरी परतता यावे, इतक्या अंतराने स्टेशने पडली, आणि स्टेशनाभोवती कोठारे, दुकाने, शाळा, चर्च आले. मोनोवायला रेल्वे १९०२ च्या सुमारास पोचली. सगळ्या गावाचे क्षेत्र जेमतेम १३५ एकर. म्हणजे एका वसाहतवाल्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीहूनही लहान!

हा माळ त्याआधी रिकामा होता, असे मात्र कुणी समजू नये. नायोब्राराच्या मुखाजवळचा प्रदेश पोंका लोकांचा. १८७७ मध्ये सरकारने त्यांना तिथून बळजबरीने दक्षिणेकडे हलवले. या भागाच्या लोकसंख्येची गोष्ट सांगताना ही घट बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही, याचे मला वाईट वाटते.

मोनोवायची शिरगणती १९३० मध्ये १२३ होती. त्यानंतर उतरणच. या भागात पाऊस बेभरवशाचा. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. मग ट्रॅक्टर आला. एका कुटुंबाला कितीतरी अधिक जमीन कसता येऊ लागली, आणि १६० एकरांवर पोट भरेना. शेते मोठी झाली, घरे कमी झाली. मोटारीमुळे लोक मोठ्या गावी बाजाराला जाऊ लागले. १९६७ मध्ये टपाल कचेरी बंद झाली, १९७१ मध्ये रेल्वे, १९७४ मध्ये शाळा. २००० साली उरले दोघेच, नवरा-बायको. २००४ मध्ये नवरा वारला.

तरी गाव कायद्याने जिवंत राहिले. सरपंचाचे म्हणावे असे पद, चिटणीसपद आणि खजिनदारी, तिन्ही त्या एकाच बाईंकडे आली. दरवर्षी रस्त्यांचा आराखडा राज्याकडे पाठवायचा, स्वतःवरच कर बसवायचा, त्यातून रस्त्यावरचे चार दिवे आणि पाणी चालू ठेवायचे. आपल्या मद्यालयाचा परवानाही त्यांनी स्वतःच मंजूर करायचा. एवढा कागदपत्रांचा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. पण हे काम थांबले, तर गाव म्हणून असलेली त्याची नोंदच पुसली जाईल.

२०२० च्या जनगणनेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. मोनोवायची लोकसंख्या २ छापून आली, गावात तर कुणीच नवे आले नव्हते. खुलासा असा की, व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खात्याने राज्यांचे एकूण आकडे जसेच्या तसे ठेवले, पण लहान वस्त्यांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा गणिती फेरफार केला. जिथे गावाचा आकडा म्हणजेच एक माणूस, तिथे वय, वंश, घर, सगळेच आकड्यासोबत उघडे पडते. त्या बाई जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकल्या असल्या, तरी कायद्याने त्यांना इतरांसारखेच संरक्षण दिले, आणि मला ते योग्य वाटते.

आणखी एक सांगितले पाहिजे. गाव ओस पडले, पण जमीन ओस पडलेली नाही. भोवती मका, सोयाबीन, वैरण आणि मांसासाठी पाळलेली गुरे आहेत. त्यांचे मालक दूरदूरच्या शेतांवरून मोटारी हाकत मोनोवायच्या त्या मद्यालयात जेवायला आणि बोलायला येत. शेजारीच नवऱ्याच्या सुमारे ५,००० पुस्तकांचे वाचनालय बाईंनी थाटले. या शेतमालकांपैकी कुणीच मोनोवायच्या शिरगणतीत नाही, कारण सगळे हद्दीबाहेरचे. त्यांचा हिशेब काउंटीच्या आकड्यात सापडतो: १९१० मध्ये आठ हजारांच्या वर, २०२० मध्ये दोन हजारांच्या आत.