जमाखर्चातली अरबी

'तुमची भाषा अरबी ना?' असे मला अजूनही विचारतात. माझी भाषा मराठी. लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलो. उच्चार पक्के, अर्थ मात्र मौलवीसाहेबांपाशी. बी.ए.ला अरबी घेतली तेव्हा व्याकरण भेटले. अरबीतले बहुतेक शब्द तीन मुळाक्षरांतून फुटतात. जीम, मीम, ऐन म्हणजे गोळा होणे. त्यातूनच जमा, जमात, जुम्मा आणि जामा मशीद. म्हणजे वाण्याच्या वहीतली 'जमा' आणि शुक्रवारची नमाज एका मुळाची! 'हरकत' अरबीत हालचाल, मराठीत आक्षेप. म्हणून वाटते, अरबी विद्यापीठात शिकावी. मुसलमानाने शिकावी, इतरांनीही शिकावी. जे आपण रोज पढतो किंवा बोलतो, त्याचा अर्थ दुसऱ्याच्या हाती का ठेवायचा?