चार दिवसांचा ताप

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर पावसाळ्यांत बुरशीचेंच राज्य असतें. चामड्याच्या वहाणा, ओल्या भिंती, पेंढ्याच्या गंजी, सर्वत्र ती दिसते. तिचे बीजाणू प्रत्येकाच्या श्वासाबरोबर आंत जातात. परंतु निरोगी मुलाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांचा तेथेंच निकाल लावतात. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असतां हा पहारा उठतो. न्यूट्रोफिल नांवाच्या पेशी घन मिलिमीटरमागें ५०० च्या खालीं उतरल्या, कीं शत्रूला दार उघडें सांपडतें.

अशा मुलाला ताप येतांच प्रथम जिवाणूंवरील औषध सुरू करतात. चार दिवसांनींही ताप हटला नाहीं, तर बुरशीचा शोध घ्यावा, असा वैद्यकाचा संकेत आहे. पण संशय निराळा आणि निदान निराळें. छातीच्या सीटी स्कॅनमध्यें डाग दिसतो. तो कोणाचा, हें त्यावर लिहिलेलें नसतें. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासावा, तर प्लेटलेट कमी असल्यामुळें रक्तस्रावाचें भय. म्हणून गॅलॅक्टोमॅनन ही रक्तपरीक्षा करतात. ॲस्परजिलस बुरशीच्या पेशीभित्तिकेंतील शर्करा तींत ओळखतां येते. मात्र २०२१ सालीं कोविडच्या काळांत ‘काळी बुरशी’ म्हणून घरोघरीं माहीत झालेल्या म्यूकरमध्यें ती शर्करा नसते. परीक्षा कोरी आली, म्हणून मूल निर्धास्त झालें असें नव्हे. शिवाय ॲस्परजिलसवर गुणकारी असलेलें व्होरिकोनॅझोल म्यूकरपुढें निष्प्रभ ठरतें. तेथें ॲम्फोटेरिसिनच लागतें. नांव चुकलें, तर औषधही चुकतें.

डॉक्टरांची ही चार दिवसांची मोजणी पहिल्या औषधापासून सुरू होते. आणि तें औषध केव्हां मिळेल, हें बहुधा घरच्या माणसांवर अवलंबून असतें. जिल्ह्यांतच खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. परळला १९२९ पासून वाडिया बालरुग्णालय व १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. सुट्टींत गांवीं आलेल्या अशा मुलाचें अंग तापलें, तर पाऊस उघडण्याची वाट पाहूं नये. गोळी देऊन ताप झांकूं नये. तापाची वेळ व अंश टिपून ठेवावे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच क्षणीं कळवावें आणि जवळचें रुग्णालय गांठावें. खोकला, छातींत दुखणें, चेहऱ्याच्या एका बाजूची सूज, हेंही आवर्जून सांगावें. निदानाचा पहिला धागा पुष्कळदां आईच्याच हातीं असतो.