‘गलिच्छ’ शब्दाविषयी थोडेसे



मी भाषेचा शिक्षक. म्हणून आज एका शब्दाविषयीच बोलतो. मात्र प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी वर्गात कागदाचे बोळे पडलेले पाहून मी ओरडलो, “वर्गाची काय झोपडपट्टी केली आहे!” सगळी मुले हसली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र मान खाली घातली. तो कोठे राहतो, हे मला ठाऊक होते.

घरी येऊन शब्दकोश उघडला. ‘झोपडपट्टी’ म्हणजे झोपड्यांची पट्टी, एवढेच. त्यात शिवी कोठेच नाही. सरकारी मराठीत यालाच ‘गलिच्छ वस्ती’ही म्हणत. आपल्या घरच्या उर्दूतील ‘गलीज’ तो हाच. अरबीत मात्र त्याचा अर्थ जाड, कठोर असा आहे. कुराण शरीफमध्ये (3:159) तो कठोर अंतःकरणासाठी आला आहे. घाणीचा अर्थ त्याला पुढच्या प्रवासात चिकटला.

राज्याचा झोपडपट्टी कायदा 1971 सालचा. त्याच्या चौथ्या कलमात सुविधांचा अभाव, अस्वच्छता आणि दाटी ही कारणे सांगितली आहेत. म्हणजे दोष जागेचा. राहणाऱ्यांना कायदा नावे ठेवत नाही. ते काम आपण करतो. ‘धारावी’ हे नावच आपण शिवीसारखे वापरतो. तिथला जुना कोळीवाडा, कुंभारवाडा, चामड्याचे कसबी कारागीर आपल्याला आठवत नाहीत.

फार लांब कशाला? आपले सारसोळे पाहा. खाडीकाठचे हे जुने कोळ्यांचे गाव. 1970 साली सिडको आली, आखीव सेक्टर उभे राहिले आणि गाव त्यांच्या मध्ये सापडले. आता सेक्टरातला माणूस गावठाणाची अरुंद गल्ली पाहून बिनदिक्कत ‘झोपडपट्टी’ म्हणतो! पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे कालच्या पाहुण्याने ऐकवावे, ही गंमतच म्हणायची. (मीही बाहेरूनच आलेला, तेव्हा हे मलाही लागू.)

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझा शब्द परत घेतला. तास संपल्यावर तो मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, आमच्या गल्लीत नळ एकच आहे. पण अम्मी घर रोज दोनदा पुसते.”