चक्रक : एका शब्दसंग्रहाच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी अकरावीच्या वर्गात फळ्यावर तीन नावे लिहिली होती : आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक. एखादी गोष्ट सिद्ध होण्यासाठी तिचाच आधार घ्यावा लागला तर आत्माश्रय. दोन गोष्टी परस्परांवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक गोष्टींची साखळी फिरून पहिलीपाशी आली तर चक्रक. न्यायशास्त्रातील हे दोष मी परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. ते पुन्हा भेटले ते माझ्या घरच्या संगणकात.

बडोद्याच्या मराठी घरांतून ऐकलेले शब्द मी अनेक वर्षे कार्डांवर टिपत आलो. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. ती कार्डे संगणकात भरली, तेव्हा याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मला तीन छोट्या आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून दिल्या. ‘शब्द’ नोंदी तयार करी, ‘पाने’ त्यांची पृष्ठे जुळवी आणि ‘सूची’ पृष्ठांकांसह शब्दसूची देई. सूचीला पाने हवीत म्हणून ती ‘पाने’ला बोलावी, आणि ‘पाने’ ‘शब्द’ला.

पुढे मला हौस सुटली. प्रत्येक नोंदीत ‘पाहा, पृष्ठ अमुक’ असे यावे, म्हणून मी ‘शब्द’मध्ये स्वतः एक ओळ घातली : आधी सूची तयार कर. त्या रात्री संगणक गोठला. स्मृती उरली नाही, नवे काम सुरू करता येत नाही, एवढाच निरोप पडद्यावर होता, आणि तोही जी आज्ञावली शेवटी अडखळली तिच्या नावाने. माझा संशय एखाद्या सदोष कार्डावर गेला. अर्धी कार्डे वगळून पाहिली, मग उरलेली अर्धी. दोन दिवस गेले. मूळ कार्डांना वाळवी लागून गेलेली, त्यामुळे संगणकातील संग्रह गेला तर ती माणसे दुसऱ्यांदा जातील, ही धास्ती मनात होती.

अखेर त्या विद्यार्थिनीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “सर, कार्डे राहू द्या. प्रत्येक आज्ञावलीने सुरू होताच आपले नाव एका फाइलीत लिहावे, एवढेच करा.” तसे केले. फाइल उघडली तर सूची, पाने, शब्द, सूची, पाने, शब्द असा जप पानोपान चाललेला! प्रत्येक हाकेला नवे काम उघडत होते, जुने संपत नव्हते. गुरुजींचा फळा डोळ्यांसमोर आला.

बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली ‘मेक’ नावाची आज्ञावली रचली. काय कशावर अवलंबून आहे हे तिला एकत्र लिहून दिले, तर आजचा ‘मेक’ असे वर्तुळ ओळखतो, तसे कळवतो आणि तो दुवा सोडून देतो. आमच्या आज्ञावली मात्र एकमेकींना परस्पर हाका मारत होत्या. संपूर्ण चित्र कोणाजवळच नव्हते.

पण माझी हौस खोटी नव्हती. नोंदीत पृष्ठांक हवा आणि पृष्ठांक नोंदीवर ठरतो, हे वर्तुळ विषयातच आहे. ‘लाटेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली त्यावर जे करते तेच आम्ही केले : मागच्या खेपेचे पृष्ठांक फाइलीतून वाचायचे, नवे लिहून ठेवायचे, आणि ते बदलेनासे होईपर्यंत पुन्हा चालवायचे. कधी 99 चा 100 झाल्याने एक ओळ पुढच्या पानावर सरकते आणि सारे पुन्हा हलते. क्वचित ते कधीच स्थिरावत नाही. म्हणून खेपांना मर्यादा घातली, चारची.

आमचे अंक तिसऱ्या खेपेस स्थिरावले. त्या संग्रहाची पहिली प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयास देत आहे. तिच्यात दोन ठिकाणी ‘पाहा’पुढे चुकीचा शब्द दिला गेला आहे, ते मला काल रात्री आढळले. तिथे मी पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे.